बाद नमुना

"मंदाताई, त्वचा टिकली. आता डोळ्यावर घ्या," घारपुरे सर म्हणाले.

फरशी पुसण्याचं नवं औषध चाचणीला आलं होतं. मंदाकिनीने काचेची बशी पुढे ओढली. आत प्रयोगशाळेत वाढवलेला बुबुळावरचा पारदर्शक पडदा होता. तो तिच्या लेकीचा, शर्वाणीचा होता. पोर तापाने गेली तेव्हा कंपनीने तिच्या पेशी मागितल्या होत्या. इतकी नाजूक कातडी, इतके नाजूक डोळे शोधून सापडत नाहीत, म्हणाले. निदान कुठेतरी जिवंत राहील, म्हणून मंदाकिनीने होकार दिला. मग त्या पेशींवर औषधं तपासतात हे कळलं, तेव्हा परक्या हातांनी पोळण्यापेक्षा आपले हात बरे, म्हणून तिने ही नोकरी धरली.

तिने थेंब सोडून झाकण लावलं. पडदा हळूहळू दुधासारखा गढूळ होऊ लागला. न्हाताना डोळ्यात शिकेकाई गेली की शर्वाणी मुठी वळून उभी राहायची. मंदाकिनीने नकळत झाकण उचललं आणि हळूच फुंकर घातली.

"ताई, हे काय केलंत? तोंडाची वाफ लागली. नमुना बाद झाला."

"तिची आग होत असेल, सर."

"त्याला नसा नसतात. किती वेळा सांगायचं तुम्हाला?" सरांचा आवाज चढला नाही. त्यांनी कपाटातून दुसरी बशी आणून तिच्यापुढे ठेवली. "पुन्हा करा."

नवा पडदा नितळ होता, कधी काही न सोसलेला. मंदाकिनीने श्वास रोखून धरला आणि थेंब सोडला.