नवी पेटी

"वैनी, पेटी तयार हाय," सुप्याचा सुतार अजिनाथ फोनवर म्हणाला. "उद्या टेम्पोत घालून आनतो. यशयाभाऊंना सांगा."

रूथचा पिठाचा हात परातीतच राहिला. नवरा नवी पेटी करवून घेतो आणि बायकोला पत्ता नाही! अजिनाथ दारं-खिडक्या करायचा. पेटीही करतो हे तिला नवीनच होतं. पण आनंदात एवढी चिकित्सा कोण करतं?

ईस्टरपासून यशयानं कीर्तन बंद केलं होतं. त्याच्यासारखा ख्रिस्ती कीर्तनकार पंचक्रोशीत नव्हता. प्रभू मेलेल्या लाजराला थडग्यातून बाहेर ये म्हणून हाक मारतो, तो प्रसंग तो गायला लागला की पोरंसोरंसुद्धा देवळाच्या दाराकडं बघायची. मग त्याचा घसा बसला. नगरच्या दवाखान्यात तो एकटाच जायचा. विचारलं की म्हणायचा, "सूज हाय." त्यात जुन्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला. नवी घ्या, नाताळला गायचंय, म्हणून रूथनं त्याचं डोकं खाल्लं होतं. तो नुसता हसायचा.

रात्री जेवताना तिनं खडा टाकलाच. "अजिनाथचा फोन आल्ता. पेटी झाली म्हनं."

यशयाचा घास हातातच थांबला. "तुला सांगितलं त्यानं?"

"मंग? माझ्यापासनं लपवायचं कशाला?"

"तू रडशील वाटलं."

"इश्श! रडायला काय झालं? सागवानी हाय ना?"

"आंब्याची. सागवान कशाला वाया घालवायचं?"

"अहो, टिकायला नको का?"

"टिकून काय करायचंय, रूथ? माझ्या मापाची झाली, बास. मागनं तुझी धावपळ नको, म्हनून आदीच करून घेतली."

"बरं केलंत. नाताळच्या गडबडीत कुठं जमलं असतं?"

यशयाचे डोळे भरून आले. "लई धीराची हायेस तू."

"पुरे झालं कौतुक. भाकरी खा."

रूथला आनंदानं झोप आली नाही. तिचा नवरा पुन्हा गाणार होता! सकाळी तिनं अख्ख्या मंडळीला सांगून टाकलं. जॉन तबला घेऊन आला, बाया झांजा घेऊन आल्या, पाळकसाहेबसुद्धा आले. यशया आत दाढी करत होता.

टेम्पो दारात थांबला तशी बायांनी झांजा धरल्या, जॉननं ठेका धरला. यशया अर्ध्या दाढीनिशी उंबऱ्यात आला आणि गर्दी बघून तिथंच थबकला. रूथ झेंडूचा हार घेऊन टेम्पोकडं धावली.

"बरं झालं मानसं जमली," ताडपत्रीची दोरी सोडत अजिनाथ म्हणाला. "पायाकडनं मी धरतो. डोक्याकडनं कोन धरतंय?"