देन्का आणि काक्का

दुभाषी बाई मस्कतहून निघाल्या होत्या, पण वाटेत ट्रेलर उलटून रस्ता बंद पडला. पाहुणे दहा मिनिटांत पोचणार होते. ओमानमधल्या सोहारच्या कारखान्याचे मॅनेजर रविकांत घाणेकर धावतच वॉल्व्ह विभागात शिरले.

“बाळकृष्ण, तुम्हाला जपानी येतं म्हणे?”

“मशीनपुरतं येतं, साहेब.”

“आज माणसांपुरतं चालवा. यल्ला, चला.”

फिटर बाळकृष्णने पाना ठेवला. टोकियोहून आलेल्या कंपनीच्या अध्यक्षांना दोन ओमानी पाहुण्यांची ओळख करून द्यायची होती. एक राजघराण्यातले सय्यद, दुसरे मंत्री. काय बोलायचं ते दुभाषी बाईंच्या एजन्सीने लिहून पाठवलं होतं. चालता चालता कागद वाचून बाळकृष्ण थांबला.

“हे चुकलंय. दोघांनाही ‘काक्का’ लावलंय. काक्का मंत्र्यांना, राजदूतांना. राजघराण्यातल्या माणसाला ‘देन्का’ म्हणतात.”

“एजन्सीला कळत नसेल?”

“आपल्या जपानी इंजिनिअर नाकामुरासाहेबांशेजारी बसून मी अकरा वर्षं डबा खाल्लाय. त्यांनी आधी मशीनचे शब्द शिकवले, मग माणसांचे.”

“आणि चुकलं तर?”

“माझं नाव सांगा.”

गाड्या आल्या. बाळकृष्ण पुढे झाला. सय्यदांचं नाव घेऊन त्याने स्वच्छ आवाजात “देन्का” म्हटलं. हात पुढे करत असलेल्या अध्यक्षांनी तो मागे घेतला आणि ते कमरेतून वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग मंत्री. “काक्का.” पुन्हा वाकणं, पण थोडकं, आणि मग हस्तांदोलन.

सय्यदांनी बाळकृष्णला इंग्रजीत विचारलं, “असं काय म्हणालात त्यांना?”

“फक्त तुम्ही कोण ते सांगितलं, युअर हायनेस.”

सय्यद मोकळेपणाने हसले.

पुढचा तासभर बाळकृष्ण दोन्हीकडचं बोलणं पोचवत राहिला. दोनदा शब्द अडला, तेव्हा त्याने सरळ सांगितलं आणि पुन्हा विचारून घेतला.

निघताना अध्यक्ष त्याच्यासमोर थांबले. जपानीत म्हणाले, “आपलं नाव?”

“बाळकृष्ण. फिटर.”

रविकांत कुजबुजले, “अहो, निदान मानाचं ‘सान’ तरी लावायचं.”

“आपल्या नावाला आपण लावायचं नसतं, साहेब.”

“बाराकुरिशुना-सान,” अध्यक्ष म्हणाले, आणि दोन्ही हातांनी आपलं कार्ड पुढे केलं.

बाळकृष्णने ते दोन्ही हातांनी घेतलं. गाड्यांची दारं उघडी होती, सगळे खोळंबले होते. त्याने कार्ड खिशात टाकलं नाही. नाकामुरासाहेबांनी शिकवलं होतं तसं, आधी ते सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.