सासूबाईंचं रक्त

शर्वरी आडवी असली की बरी असे. उठून बसली की डोकं फुटायला लागे. डॉक्टर रेगे म्हणाले, "मणक्यातलं पाणी गळतंय. तिथे थोडं रक्त सोडलं की ते गोठून छिद्र बुजेल. घरात कुणाचं रक्त अजून गोठतं?"

हार्टअटॅक टाळायला सगळ्यांनीच न गोठणारं कृत्रिम रक्त भरून घेतलं होतं. फक्त सासूबाई अडून बसल्या होत्या, आणि शर्वरी त्यांना चारचौघांत ‘जुनाट’ म्हणाली होती.

सासूबाईंनी हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी शर्वरी उभी राहिली. डोकं दुखलं नाही. ती नमस्काराला वाकणार, तोच सासूबाई कडाडल्या, "वाकू नकोस! डॉक्टरांनी सांगितलंय ना? जुनाट रक्त आहे माझं, धरायला वेळ लागतो."