उडण्यापुरतं वजन

काटा मागच्या महिन्याच्या आकड्याच्याही अलीकडे थांबला. वजनकाट्यावर उभ्या असलेल्या मुलीने मान वाकवून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"कमी झालं ना, सिस्टर?"

नर्सबाई चमकल्या. वजन घटलं म्हणून खूश होणारी दुसरीतली मुलगी त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

"ताटातलं सगळं वाटून टाकते ही," दारातून वर्गबाई म्हणाल्या. "अंडंसुद्धा. दानशूर कर्णच! मी समजावून थकले."

"का गं काडीपैलवान, अंडं आवडत नाही?"

"आवडतं," मुलगी कुजबुजली. "पण तुम्हीच म्हणालात ना, अजून हलकी झालीस तर रुईच्या म्हातारीसारखी उडून जाशील."

नर्सबाईंचं हसू मावळलं. प्रत्येक किडकिडीत मुलाला त्या हेच म्हणत. पोरं खिदळायची, काट्यावरून उतरून पळायची. खरं मानणारी ही एकटीच निघाली.

"आणि उडून कुठे जायचंय?"

"बाबांकडे. ते जहाजावर असतात. तिथे बस जात नाही."

खिडकीचा पडदा फुगला, पुन्हा सैल पडला. नर्सबाईंना स्वतःच्या जिभेचा भारी राग आला. माणसाला उडता येत नाही असं सांगून टाकावं, तर त्या डोळ्यांकडे बघवेना.

"पण वारा नेईल तिकडे जावं लागतं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हातारीचं काय, ती कुठेही पडली तरी तिला सारखंच. तू बाबांच्या जहाजावरून तशीच पुढे निघून गेलीस तर? वळायला दंडात बळ नको? चिमण्या बघ, दिवसभर टिपत असतात. रिकाम्या पोटी कोण उडतंय?"

मुलगी विचारात पडली. हा घोळ तिच्या लक्षातच आला नव्हता.

वर्गबाईंनी ताट आणलं. मुलीने साबण लावून हात धुतले, अंडं उचललं आणि सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्लं. मग तोंड पुसून, कुणी न सांगता, ती पुन्हा काट्यावर चढली. डोळे मिटले आणि दोन्ही हात पसरले.

बाहेर वारा सुटला होता. अंगणातला पाचोळा गोल गोल फिरत वर चढत होता. काटा थरथरला.

नर्सबाईंनी वजन वाचलं नाही. आधी उठून खिडकी लावून घेतली.