आत्याच्या बियांचं कपाट

आत्या गेल्यावर तिच्या संस्थेने तिने जमवलेल्या बिया काचेच्या कपाटात मांडल्या, कुलूप घातलं आणि वर पाटी लावली: ‘हात लावू नये’. माझं डोकंच फिरलं. माझी आत्या जन्मापासून आंधळी होती! सगळे जाणकार ज्या दोन गवतांना एकच समजत होते, ती तिने बी खालच्या ओठावर फिरवून वेगळी करून दाखवली होती.

कपाटाच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात आईने माझा दंड घट्ट धरला. “चारचौघांत तोंड उघडशील तर बघ!”

तेवढ्यात संचालक माइकवर आले. “बाई अंध असूनही शास्त्रज्ञ झाल्या, त्या केवळ श्रद्धेच्या बळावर. त्यांच्या प्रभूनेच म्हटलंय ना, न पाहता विश्वास ठेवतात ते धन्य!”

झालं! मी ताडकन उभी राहिले. “सर, ते त्याने शंकेखोर शिष्याला म्हटलंय. क्रुसावर खिळलेला प्रभू पुन्हा जिवंत झालाय, हे ज्याला पटतच नव्हतं त्याला. प्रभूच्या सगळ्या शिष्यांत आत्याचा लाडका तोच! पण त्याआधी प्रभू त्याला काय म्हणाला, ते कोण सांगणार? ‘ये, माझ्या जखमांत बोट घालून बघ,’ म्हणाला!”

“अगं ए, बस खाली!” आई कुजबुजली.

संचालक कसनुसं हसले. “बाळ, सगळं खरं. पण हात लागून बिया खराब होतात गं.”

“जखमा ताज्या होत्या, सर! तरी त्याने पाटी नाही लावली.”