माणसात आणलेला मांत्रिक

चित्रकाराच्या कॉमिक्समधला मांत्रिक भाड्याच्या खोलीत राहायचा, सिगारेट ओढत भुतं उतरवायचा, कशावरच विश्वास ठेवायचा नाही आणि सैतानालासुद्धा तोंडावर शिव्या हासडायचा. त्याच्या सगळ्या जुन्या अंकांचा आता एक जाडजूड संग्रह निघणार होता, म्हणून संपादकबाईंनी चित्रकाराला ऑफिसात बोलावून घेतलं.

"सिगारेट तेवढी काढा हं, पोरं वाचतात," बाई म्हणाल्या. चित्रकाराने तिथल्या तिथे सिगारेट पुसली आणि मांत्रिकाच्या तोंडात पेन्सिल दिली.

"शिव्याही नकोत." शिव्यांच्या जागी 'अरेच्चा' आलं.

"आणि सैतानाला टक्कल कशाला? आपले मालकही टकले आहेत, उगाच गैरसमज व्हायचा." चित्रकाराने सैतानाच्या डोक्यावर दाट केस उगववले, वर नीट भांगही पाडून दिला.

"हा सारखा एरंडेल प्यायल्यासारखा का दिसतो हो? जरा हसरा करा की." मांत्रिक दात दाखवून हसायला लागला.

बाई खूश झाल्या. "झालं! आता मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत टाका, 'कुणाच्याही बापाला न घाबरणारा मांत्रिक!'"

चित्रकाराचा हात थबकला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याने मान वर केली आणि तो ठामपणे म्हणाला, "नाही मॅडम. हे मात्र मला पटत नाही."

"काय पटत नाही?" बाईंनी चमकून विचारलं.



"'बापाला' फार उद्धट वाटतं. 'वडिलांना' करू या?"