वरच्या माळावरच्या अकरा ओळी

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चौथ्या बाटलीचं बूच निघालं. पाच मिनिटांनी बागेच्या मालकांच्या मुलीने ग्लास टेबलावर ठेवला, खुर्ची मागे सरकवली आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खिडकीतून वरचा खडकाळ माळ दिसत होता.

मुकादमाने आपल्या ग्लासातला घोट घेतला. एरवी कुठल्याही वाइनला तो "लागते बरी" एवढंच म्हणायचा. आज त्याने ग्लास पुन्हा भरून घेतला.

चारही बाटल्या पाच वर्षांपूर्वीच्या एकाच हंगामातल्या होत्या. द्राक्ष एकाच जातीचं, पिंपं सारखी, मुरवण्याची खोली तीच. फरक दोनच, क्लोन, म्हणजे काड्या कोणत्या मूळ वेलीच्या ते, आणि जमीन. जुना क्लोन म्हणजे वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या वेलीच्या काड्या लावून वाढवलेल्या वेली. नवा रोपवाटिकेतून आणलेला. दोन्ही खालच्या काळ्या जमिनीत होते आणि दोन्ही वरच्या माळावर. चौथ्या बाटलीत जुना क्लोन आणि माळ एकत्र आले होते.

माळावरच्या जुन्या क्लोनच्या त्या अकरा ओळी आता नव्हत्या. मुलीनेच चार वर्षांपूर्वी त्या उपटून तिथे नवा क्लोन लावला होता.

मनाला आलं म्हणून नव्हे. वेल उपटायची तर वडिलांनी आणि मुलीने वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाइन चाखायची, वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं, आणि कागद जेवणाच्या टेबलावर एकदम उघडायचे, असा घरचा नियम होता. दोन्हींवर 'काढा' असेल तरच कुदळ. एकावर जरी 'ठेवा' निघालं तर वेल राहायची. एकदा मुलीच्या 'काढा'वर वडिलांचं 'ठेवा' निघालं, तेव्हा बापलेकीत आठवडाभर अबोला होता. तीन वर्षांनी त्या वेलीने वडिलांना खरं ठरवलं. आसपासचे बागायतदार त्यांना उगाच नाकमास्तर म्हणत नसत.

माळावरची ती वाइन वर्षाची असताना तोंड ओढून घ्यायची. तिला वास असा नव्हताच. मुलीने लिहिलं, 'वास मिटलेला. काढा.' वडिलांच्या कागदावरही अक्षरन् अक्षर तेच निघालं. मुकादम म्हणाला होता, "ताई, रंग आईचा घेतलात, पण नाक अगदी मालकांचं." सगळे हसले होते.

आज चार वर्षांनी हिशेब उलटा निघाला. माळावरचा नवा क्लोन तेव्हा सगळ्यांचा लाडका होता, तो आता पाणचट झाला होता. खालच्या जमिनीतला जुना क्लोन सभ्य होता, पाहुण्यापुढे ठेवावा इतपत. चौथ्या वाइनचा मिटलेला वास मात्र आता उघडला होता. मुलीने पंचवीस वर्षांत असं काही चाखलं नव्हतं.

वडील काठी टेकत आत आले. वय एक्याऐंशी. त्यांनी चौथा ग्लास उचलला, फिरवला, डोळे मिटून नाकाशी धरला.

"ठीक आहे," ते म्हणाले.

मुलगी खिडकीकडून वळली. "ठीक?"

"म्हणजे, चांगली आहे."

मुकादम खाली बघत बाटल्या उचलून बाहेर गेला.

"बाबा, तेव्हा मला खात्री नव्हती," ती म्हणाली. "लिहिताना हात अडला होता. म्हटलं, चुकत असेन तर तुमचा कागद अडवेल."

वडील खुर्चीत बसले. काठी गुडघ्यांत धरली.

"त्या वर्षी मला ताप आला होता बघ. तो उतरला, पण वास गेला तो गेलाच. फुलाचा नाही, धुराचा नाही, कसलाच येत नाही. तुझा कागद टेबलावर पालथा पडला होता. तो वाचला आणि माझा लिहिला."

"मला सांगायचंत की."

"काय सांगू? लोक मला नावाने कमी आणि नाकाने जास्त ओळखतात." ते जरासे हसले, मग थांबले. "वाटलं, तू चुकायची नाहीस."

मुलगी त्यांच्यासमोर बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. जुना क्लोन खाली आहे, माळ आहे तिथेच आहे, हे दोघांनाही माहीत होतं. काड्या पुन्हा वर नेऊन लावता येतील. धड फळ चौथ्या वर्षी मिळेल, आणि वाइन काय झाली ते कळायला त्यापुढे आणखी पाच वर्षं.

अकरा वाजायला आले होते. वडिलांनी चौथा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"मला सांग," ते म्हणाले. "आत्ता कसा येतोय वास?"

तिने ग्लास नाकाशी नेला. रडून रडून नाक चोंदलं होतं, तिला कसलाच वास येत नव्हता. तिने डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली.